न दुखणारा, न भरणारा फोड आणि वाळूमाशी

माझा पुतण्या राजस्थानात बिकानेरला गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) दुकानात कामाला होता. दिवाळीला गावी आला तेव्हा त्याच्या डाव्या गालावर मसुरीच्या दाण्याएवढी लालसर पुळी होती. "डास चावलाय, आप्पा," म्हणाला. संक्रांतीपर्यंत त्या पुळीचा रुपयाएवढा फोड झाला. कडा गोल, फुगीर, बोटाला टणक लागणाऱ्या, आणि मधोमध पिवळट-तपकिरी खपली. खपली निघाली की खाली ओलसर लाल खड्डा दिसायचा, दोन दिवसांत त्यावर पुन्हा खपली धरायची. ठणका नाही, ताप नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गोळ्या झाल्या, मलमं झाली, शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बा लावला आणि फोडाभोवतीची चांगली कातडीही भाजली. पाच महिन्यांनी एका त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या वर्षभरात राहायला कुठे होतास?" उत्तर ऐकलं आणि त्यांनी फोडाच्या कडेचा नमुना घेतला. तिसऱ्या दिवशी निदान हातात आलं.

मी सांगली जिल्ह्यात तीस वर्षं आरोग्यसेवक म्हणून काम केलं. हिवतापाच्या स्लाइडा गोळा करत वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. तरी घरातल्या पोराच्या गालावरचा हा फोड मला ओळखता आला नाही, याची खंत आजही आहे. पाच महिने लवकर समजलं असतं तर वण लहान राहिला असता. तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून जे शिकलो ते सगळं इथे लिहितो आहे.

आजाराचं नाव त्वचेचा लेशमॅनियासिस. लेशमॅनिया नावाचा एकपेशीय परजीवी त्वचेत शिरतो आणि तिथल्या पांढऱ्या पेशींच्या आत वाढतो. तो माणसाच्या अंगात येतो वाळूमाशीच्या चाव्यातून. काळा आजार याच परजीवीच्या जातकुळीतला, पण तो यकृत-प्लीहेपर्यंत जातो आणि उपचार न झाल्यास जीव घेतो. त्वचेचा आजार सहसा जिवावर बेतत नाही, मात्र चेहऱ्यावर जन्माचा वण ठेवून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी जगात ६ ते १० लाख लोकांना तो नव्याने होतो. इराणमध्ये याला 'सालक' म्हणतात, अफगाणिस्तानात 'सालदाना'. त्यातला 'साल' आपल्याकडचाच, म्हणजे वर्ष. फोड वर्षभर मुक्काम करतो, म्हणून हे नाव.

आपल्याकडे बिकानेर आणि आसपासचं वाळवंट, हिमाचलातलं सतलजचं खोरं आणि केरळच्या दक्षिण टोकाकडची अगस्त्यमलाई डोंगररांग हे या आजाराचे माहीत असलेले पट्टे. सातारा-सांगली त्या यादीत नाहीत. पण आपली माणसं मात्र तिकडे असतात. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळची गलाईवाली मंडळी देशभर पसरली आहेत. साताऱ्याच्या गावागावांतली पोरं फौजेत आहेत, आणि राजस्थानची सीमा त्यांना नवी नाही. आखातात, इराकात कामाला गेलेलेही आहेत. दुसरीकडे वाळूमाशी आपल्या गोठ्यांत आधीपासून आहेच. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात सापडलेला आणि लहान मुलांचा मेंदू सुजवणारा चांदीपुरा विषाणू हीच माशी पसरवते. म्हणून फोडाची भीती असो वा नसो, माशीचा बंदोबस्त करावाच लागतो.

पहिली पायरी: माशी बघून घ्या

नावात वाळू आहे म्हणून ती वाळवंटातच असते असं समजू नका. तिचा रंग वाळूसारखा, म्हणून ते नाव. लांबीला दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तिळाएवढी आणि डासाच्या साधारण एक तृतीयांश. कानाशी गुणगुणत नाही, त्यामुळे अंगावर बसल्याचंही कळत नाही.

रात्री आठ-नऊच्या सुमाराला बॅटरी घेऊन गोठ्यात जा. गव्हाणीच्या मागची भिंत, जमिनीपासून कमरेपर्यंतचा भाग, अंधारा कोपरा. बॅटरी भिंतीला समांतर तिरपी धरली की बारीक केसाळ ठिपके दिसतात. डास बसताना पंख पाठीवर मिटतो. ही माशी मात्र ते वर उभे धरते, दोन पंखांमध्ये फट राहते, जसं उडायच्या बेतात असलेलं पाखरू. बोट जवळ नेलं तर सरळ उडून जात नाही, टुणकन उडी मारून वीतभर अंतरावर पुन्हा बसते. ही उडी एकदा पाहिली की चिलट आणि वाळूमाशी यांत पुन्हा गफलत होत नाही.

दिसली नाही तर तेलकागद लावा. पांढऱ्या कागदाला दोन्ही बाजूंनी एरंडेल चोपडायचं आणि दिवस मावळताना भिंतीच्या भेगेजवळ, उंदराच्या बिळाच्या तोंडाशी किंवा शेणीच्या रचाईपाशी जमिनीलगत लावून ठेवायचं. सकाळी ऊन चढायच्या आत काढून भिंगाखाली बघायचं. अंगभर केस आणि भाल्याच्या पात्यासारखे निमुळते पंख दिसले तर ती वाळूमाशी. पाहणी करणारी पथकंही हीच पद्धत वापरतात आणि खर्च म्हणाल तर वाटीभर एरंडेलाचा. पाचसहा कागद वेगवेगळ्या जागी लावले की घरातली नेमकी कुठली भिंत त्रास देते ते कळतं. सगळं घर उकरत बसण्यापेक्षा ती भिंत आधी धरा.

दुसरी पायरी: ती कुठे वाढते ते समजून घ्या

इथे बहुतेकांची चूक होते. डासांमुळे आपल्या डोक्यात पाणी बसलंय. वाळूमाशी पाण्यात अंडी घालत नाही. तिला लागते सावली, थोडी ओल आणि कुजणारा पाला, शेण असलं काही. जुन्या माळवदाच्या घरांतल्या दगड-मातीच्या भिंतींच्या सांधी, गोठ्यातली शेण-मुताने भिजलेली भुई, उकिरड्याची कड, कडब्याच्या बुचाडाचा तळ, उंदराची बिळं. अळी तिथल्या मातीत कुजकं खाऊन वाढते. अंड्यापासून माशी व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो, उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त. आपल्याकडे वळीव पडल्यापासून पाऊस सरेपर्यंत तिचा जोर. गावात धुराची फवारणी होते तेव्हा उडणाऱ्या माश्या काही मरतात, पण मातीतल्या अळीपर्यंत धूर पोचत नाही.

तिचं पोट भरतं झाडांच्या रसावर आणि फळांच्या साखरेवर. रक्त फक्त मादीला लागतं, तेही अंडी पिकवायला. यावरून एक गोष्ट सांगतो, तासगावकरांना आवडेल. काळा आजार वाळूमाशी पसरवते असा संशय होता, पण प्रयोगात चाव्यातून आजार काही जाईना. १९४०च्या सुमाराला स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी रक्त प्यायलेल्या माश्यांना नंतर बेदाणे खायला दिले. त्या साखरेवर माश्या जगल्या आणि परजीवी त्यांच्या पोटात इतके वाढले की गळ्यापर्यंत दाटले. १९४२ साली स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशाच माश्यांचे चावे स्वयंसेवकांना देऊन आजार कसा जातो ते सिद्ध केलं. (बेदाण्यातून आजार पसरतो असा अर्थ कुणी काढू नये. बेदाणा फक्त माशीचं खाणं होता.)

या प्रयोगातून कामाचा मुद्दा निघतो. माशी आजारी माणसाला चावली की परजीवी तिच्यात तयार व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यानंतर ती पुढच्याला देते. बिकानेरकडचा फोड बहुतेक करून असा माणसातून माशीत आणि माशीतून माणसात फिरतो. म्हणूनच आपल्या गावात फोड घेऊन आलेल्या माणसाचा फोड संध्याकाळनंतर झाकलेला असावा.

तिसरी पायरी: घर आणि गोठा

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी सांगतो. आधी भेगा, मग साफसफाई, फवारणी सगळ्यात शेवटी.

भेगा बुजवायचा हंगाम म्हणजे चैत्र-वैशाख, भिंती कोरड्या असताना. जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंतच्या सगळ्या सांधी चुना घातलेल्या चिखलाने दाबून भरा. वरून नुसतं पोतेरं फिरवलं तर महिन्यात पुन्हा तडकतं, त्यामुळे भेगेतली सुटी माती आधी काडीने उकरून टाका. ऐपत असेल तर गोठ्याच्या आतल्या बाजूला सिमेंटचा गिलावा. सगळा वाडा करायची गरज नाही, तेलकागदावर माश्या सापडल्या तेवढ्या भिंती पुरे. आमच्या गोठ्याच्या एका भिंतीला अकरा फूट लांबीत चार पाट्या चिखल मुरला, इतक्या पोकळ्या होत्या.

शेण रोज उचला आणि उकिरडा राहत्या घरापासून जेवढा लांब नेता येईल तेवढा न्या. ही माशी उडण्यात कमजोर आहे, काही शे मीटरच्या पुढे सहसा जात नाही, म्हणून हलवलेल्या प्रत्येक पावलाचा फायदा होतो. शेणीची रचाई आणि सरपण घराच्या भिंतीला टेकवू नका. गोठ्याच्या भुईला उतार काढून मूत बाहेर जाऊ द्या. घराभोवतीची उंदराची बिळं मुरूम ठोकून बंद करा.

फवारणीबद्दल कळकळीने सांगतो. आपल्याकडे द्राक्षबागा आहेत, घरोघरी पंप आहेत आणि खोलीत शिल्लक औषधाच्या बाटल्या आहेत. ते औषध घरात किंवा गोठ्यात मारू नका. बागेसाठीचं औषध भिंतीवर, अंथरुणावर, जनावरांच्या चाऱ्यावर बसलं तर विषबाधा होते. घरफवारणीसाठी वेगळं औषध असतं आणि ते आरोग्य विभागाची माणसं मोजून मारतात. काळ्या आजाराच्या भागात भिंतीवर सहा फुटांपर्यंत फवारतात, कारण माशी त्याच्या वर फारशी बसत नाही. तुमच्याकडे फवारणी झाली तर पुढचे तीन महिने ती भिंत सारवू नका, रंगवू नका. सणाच्या तोंडावर फवारणी होते आणि दुसऱ्या दिवशी बायका भिंत सारवून घेतात, हे मी किती वेळा पाहिलं. सगळं औषध चिखलाखाली जातं. म्हणून सारवण आधी, फवारणी नंतर.

चौथी पायरी: अंग वाचवणे

माशी दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत चावते, आणि जमिनीलगत उडते. त्यामुळे खाली अंथरूण टाकून झोपणाऱ्याला जास्त चावते. बाजेवर, खाटेवर झोपा, शक्य असेल तर माडीवर. गोठ्यात झोपू नका. पंखा लावा, वाऱ्यात तिला उडता येत नाही.

मच्छरदाणी नेहमीची असेल तर फसगत होते. डासासाठीच्या जाळीतून ही माशी आरामात आत येते. विकत घेताना खिशात फूटपट्टी न्या, जाळीवर एक इंच मोजा आणि भोकं मोजा. इंचात किमान अठरा हवीत. साध्या मच्छरदाणीत ती बारा-तेरा असतात. एवढ्या बारीक जाळीत उकडतं हे खरं, त्यासाठीही पंखा हवाच. कीटकनाशक भारित मच्छरदाणी मिळाली तर जाळी थोडी मोठी असली तरी चालते, कारण माशी जाळीला शिवताच मरते. कड गादीखाली खोचलेली हवी. लोंबत्या मच्छरदाणीचा काही उपयोग नाही.

संध्याकाळी पूर्ण बाह्या, पायघोळ कपडे, पायात मोजे. उघड्या अंगाला डीट (डास-माश्या दूर ठेवणारं औषध) असलेलं मलम लावा. लहान मुलांच्या हातांना मात्र लावू नका, ती हात तोंडात घालतात. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर बांधवांनी आणि खोपीत राहणाऱ्या ऊसतोड मजुरांनी निदान दोन गोष्टी कराव्यात: जमिनीपासून वर झोपणं आणि मुलांना बारीक जाळीत झोपवणं.

बिकानेरकडे किंवा आखातात निघालेल्या माणसाच्या बॅगेत ती मच्छरदाणी आधी ठेवा. माझा पुतण्या दुकानामागच्या खोलीत फरशीवर, उघड्या खिडकीशी झोपायचा. गालावरच चावा बसला तो त्यामुळेच असणार.

पाचवी पायरी: फोड ओळखणे

चाव्यापासून फोडापर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात. म्हणून गावी परतून दोन-तीन महिने झाले तरी सावध राहा. फोड उघड्या भागावर येतो: चेहरा, कान, हात, पाय. आधी पुळी, मग गाठ, मग मध्ये खड्डा आणि भोवती फुगीर कडा. सहसा दुखत नाही. एकापेक्षा जास्तही असू शकतात.

साधं केसतूड आठ-दहा दिवसांत ठणकतं, पिकतं, फुटतं आणि बरं होतं. नायटा खाजतो आणि कडेने पसरतो. मधुमेह्याची जखम भरायला वेळ लागतो, म्हणून अशा जखमेत रक्तातली साखरही तपासावी. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाचा विचार करून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथे तपासणी आणि औषध मोफत आहे. काळी खपली आणि जोडीला तापही असेल तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असू शकतो, तिथे एक दिवसही थांबू नका. बिहार-झारखंडकडून आलेल्या कामगाराला पूर्वी काळा आजार होऊन गेला असेल आणि आता अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी उठल्या असतील, तर तो त्याच परजीवीचा उत्तरप्रकार असू शकतो. तो कुष्ठासारखा दिसतो पण चट्ट्याची जाणीव शाबूत असते. त्याला हिणवू नका, दवाखान्यात घेऊन जा.

घरी करण्यासारखं एकच काम आहे. फोडाशेजारी रुपयाचं नाणं धरून दर आठ दिवसांनी मोबाइलवर फोटो काढा. नाण्यामुळे फोड वाढतोय का ते नेमकं कळतं, आणि तारीख फोटोत आपोआप राहते. तीन आठवड्यांत बरं होण्याची खूण दिसली नाही तर दाखवायला जा.

बिब्बा, डाग, चुना, कुणाचंही मलम यांतलं काही लावू नका. दुकानात सहज मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या मलमाने लाली कमी होते, पण परजीवीला मोकळं रान मिळतं. आणि एकदा कातडी भाजली की डॉक्टरांनाही मूळ फोड ओळखणं अवघड जातं. आमच्याकडे तेच झालं.

सहावी पायरी: दवाखाना

डॉक्टर विचारोत न विचारोत, एवढं आपण सांगायचं: गेल्या दोन वर्षांत कुठे कुठे राहिलो, फोड कधी सुरू झाला, आतापर्यंत काय काय लावलं आणि घेतलं. कागदावर लिहून नेलं तर उत्तम. बाई गरोदर असेल किंवा दिवस राहायची शक्यता असेल तर ते आवर्जून सांगा, कारण या आजारावरची मिल्टेफोसिनसारखी औषधं गर्भाला घातक आहेत. मधुमेह, एचआयव्ही, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, हेही लपवू नका.

प्राथमिक केंद्रात निदान झालं नाही तर त्वचारोग विभाग असलेल्या रुग्णालयात जा. सांगलीकरांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. तिथे फोडाची कड चिमटीत दाबून, बारीक छेद देऊन, आतलं खरवडून काचेवर घेतात आणि जिम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नमुना कडेचाच हवा, मधल्या खपलीत परजीवी सापडणं कठीण. फोड जितका जुना तितके परजीवी कमी, त्यामुळे पहिल्या स्लाइडमध्ये काही दिसलं नाही तरी आजार नाही असं होत नाही. मग त्वचेचा तुकडा तपासतात किंवा पीसीआर करतात. काळ्या आजारासाठीची बोटातल्या रक्ताची झटपट चाचणी या फोडासाठी भरवशाची नाही, तिच्यावर विसंबू नका.

उपचार फोडाची जागा, संख्या आणि परजीवीची जात पाहून ठरतो. लहान एकट्या फोडात अँटिमनीच्या औषधाची इंजेक्शनं थेट कडेला देतात, काही ठिकाणी फोडाला ठरावीक तापमानाची उष्णता देतात किंवा गोठवतात. जास्त फोड असतील तर पोटातून किंवा शिरेतून औषध. पुतण्याला इंजेक्शनं दिली. दुखतात, हे लपवत नाही. तिसऱ्या खेपेला तो येईना म्हणून मी मोटारसायकलवर मागे बसवून नेला. अर्धवट सोडू नका. खपली पडली म्हणजे आजार गेला असं नसतं, थांबायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

उपचार चालू असताना घरात वेगळं ताट-तांब्या ठेवायची गरज नाही. शिवल्याने, एकत्र जेवल्याने हा आजार जात नाही. लग्नाच्या मुलीच्या गालावर फोड असेल तर घरचे लपवतात आणि महिने जातात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. फोडावर संध्याकाळी स्वच्छ कापडाची सैल पट्टी बांधायची आणि बारीक जाळीत झोपायचं, एवढंच पथ्य.

फोड भरल्यावर वर्षभर वणाची कड बघत राहा. तिथे बारीक लाल पुळ्या उठल्या किंवा कड पुन्हा फुगली तर जुना कागद घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा. पुतण्या अजूनही महिन्यातून एकदा आरशासमोर उभा राहून वणाच्या कडेवरून बोट फिरवतो, आणि मी बॅटरी धरतो.